तालुका पंचायतीला उभं राहायचंय, पण फौंड्रीतल्या माणसाशी बोलायचं कसं?

तिसरं_गेट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझा भाचा तालुका पंचायतीला उभा राहायचं म्हणतोय. कसली निवडणूक, असं विचाराल तर तेही बरोबर. कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली, तेव्हापासून आज होणार, उद्या होणार असंच चाललंय. पण इच्छुक कायम तयार. आमच्या पट्ट्यात एकेका गावात चार-पाच 'भावी' आहेत, त्यातला एक माझ्या बहिणीच्या घरातला.

गाव बेळगावच्या दक्षिणेला, नाव सांगत नाही. शेती आहे, पण नुसत्या शेतीवर कोणाचं भागत नाही. घरटी एक माणूस उद्यमबागेतल्या फौंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) नाहीतर मच्छेच्या कारखान्यात, कोणी गवंड्याच्या हाताखाली, बायका भांगलणीला नाहीतर शहरात घरकामाला. भाचा इंजिनिअर, पुण्यात नोकरी करून परत आलाय. मराठी, कन्नड दोन्ही बोलतो. पोरगं वाईट नाही. पण त्याची प्रचाराची कल्पना म्हणजे चिखलात उतरून भात लावतानाचं रील आणि बांधावर बायकांच्या डब्यातली भाकरी खातानाचं रील.

माझं मत, कष्टकरी माणूस असल्या रीलनं हलत नाही. मयत, लग्न आणि यात्रा इथं कोण दिसतो ते तो बघतो. भाचा म्हणतो, मामा, तुमचा जमाना गेला. तुमच्याकडे उमेदवार आले तेव्हा काय लागू पडलं आणि काय नाही, ते सांगा. पक्षाचा प्रचार नको.

कुंदाप्रेमी

चौकात 'भावी' फलक लागला का? तो लागल्याशिवाय आयोग तारीख जाहीर करत नाही म्हणे.

मागावरची

मी बेळगावच्या वडगावची. सासर-माहेर दोन्हीकडे माग. त्यामुळे उमेदवार बघायचा अनुभव भरपूर, दर निवडणुकीला आमच्या गल्लीत येतात. यायची पद्धतही ठरलेली. बरोबर पंधरा-वीस माणसं, त्यात दोघांच्या हातात कॅमेरा. आत येतात, चालू माग बंद करायला लावतात, कारण आवाजात भाषण ऐकू येत नाही. मग साहेब स्टुलावर बसून धोट्याला हात लावतात, फोटो होतो, मंडळी पुढच्या घरात. माग बंद राहिला तेवढा वेळ विणकराचा गेला. मजुरी साडीवर मिळते, तासावर नाही.

एकदा एक उमेदवार आला होता. (निवडून आला नाही, म्हणून सांगायला हरकत नाही.) तो माग बंद करा म्हणाला नाही. माझ्या सासऱ्यांना बाहेर कट्ट्यावर बोलावलं आणि विचारलं, बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) किती दिवसांनी उतरतो, सूत कोणाचं, साडी कोण उचलतो, उधारी किती दिवसांची. सासरे अर्धा तास बोलले. ते घरात सुद्धा एवढं बोलत नाहीत. वीज सवलतीचं काय अडलंय तेही त्यानं विचारलं, कारण मीटर एकाच्या नावावर आणि माग दुसऱ्याचा, अशी आमच्याकडे निम्मी घरं. तो हरला, पण सासरे अजून त्याचं नाव काढतात.

तेव्हा भाच्याला सांगा, काम चालू असताना जाऊ नकोस. आणि गेलासच तर मशीन बंद करायला लावू नकोस.

प्रतिसादक_क्र_एक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सीमाप्रश्न किती प्रतिसादांनंतर येतो बघू.

भगवा_फेटा

आलाच की! इथं सगळे वीज, सूत, डबा यावर बोलताहेत. भाषेचं काय? १९५६ पासून आम्ही मराठी माणसं इथं भांडतोय. ८६५ गावं महाराष्ट्राला मिळावीत हा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. सगळ्यात जास्त त्रास कोणाला होतो? गरिबालाच. श्रीमंत माणूस वकील लावतो. माझ्या चुलत्याला पेन्शनचा अर्ज कन्नडमध्ये, शेताचा उतारा कन्नडमध्ये, बसवरची पाटी कन्नडमध्ये. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' फलक २०१४ साली काढला आणि वर पोलिसांच्या लाठ्या पडल्या, त्या कोणाच्या घरात घुसून पडल्या? मळेवाल्या, कामगार माणसांच्याच. तिथं मराठी उमेदवाराला 'कष्टकऱ्याशी नातं कसं जोडू' हा प्रश्न पडतच नाही. नातं आहेच.

मलप्रभा

भगवा_फेटा, नातं आहे तर मतं कुठं जातात? मी खानापूरचा, घरात तीन पिढ्या समिती, म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समिती. २०१३ ला समितीचे दोन आमदार आले, बेळगाव दक्षिण आणि खानापूर. २०१८ ला शून्य, २०२३ ला शून्य. २०१८ ला आमच्या खानापुरात समितीचेच दोन उमेदवार, दोन गटांचे. त्या दोघांच्या मतांची बेरीज निवडून आलेल्या उमेदवारापेक्षा जास्त होती. लोकांनी भाषा सोडली नव्हती, नेत्यांनी लोकांना सोडलं होतं.

दुसरं, समितीचा उमेदवार कागदावर अपक्ष. दर वेळी चिन्ह वेगळं. माझी आई शिकलेली नाही. तिला कमळ कळतं, हात कळतो. आमचं चिन्ह या खेपेला काय, हे तिला मतदानाच्या आदल्या रात्री कळतं.

भगवा_फेटा

चिन्हाचं मान्य. पण २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवारानं एक लाखाहून जास्त मतं घेतली, ते विसरू नका. तिथं मतांसाठी कुकर वाटला नव्हता. गल्लीगल्लीतली पोरं स्वतःच्या पेट्रोलवर फिरत होती.

मलप्रभा

ते मी नाकारतच नाही. भाजप त्या निवडणुकीत पाच हजारांच्या आसपास मतांनी निसटता जिंकला. पण त्याच वर्षी सप्टेंबरात महापालिका आली आणि ५८ पैकी ३५ भाजपच्या. एप्रिलमध्ये रस्त्यावर उतरलेली पोरं होती तिथंच होती. वॉर्डात गटार कोण काढून देणार, हा प्रश्न आला आणि हिशोब बदलला.

कुंदाप्रेमी

कुकरचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमच्याकडे दोन पक्षांचे दोन आहेत, एकाची शिट्टी दुसऱ्याला बसत नाही. यावर आयोगाकडे तक्रार करता येते का?

शेंगदाणा_चटणी

:D :D आमच्याकडे कुकर, मिक्सर आणि भिंतीवरचं घड्याळ. घड्याळावर साहेबांचा फोटो, तो बारा आणि सहाच्या मधे बसलाय. काटे नाकावरून फिरतात.

विधानसभेला उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख. आमच्या मतदारसंघात हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमांतल्या नुसत्या ताटांचा हिशोब मांडला तरी तेवढ्यात बसायचा नाही. पण हे निवडणूक जाहीर व्हायच्या कितीतरी आधी होतं, म्हणून कुठल्याच वहीत येत नाही.

गावचा_पंच

मी आमच्या गावच्या पंच कमिटीत आहे म्हणून आतली गोष्ट सांगतो. बाहेरच्यांना वाटतं पैसे दिले की गाव मत देतं. तसं नाही. आमच्याकडे लक्ष्मी यात्रा बऱ्याच वर्षांनी भरते आणि तेव्हा गाव कर्ज काढून खर्च करतं. घराला रंग, पै-पाहुण्यांचं जेवण, लेकींना साड्या. फौंड्रीतला माणूस भिशी उचलतो, पीएफ काढतो. अशा वेळी देवळाच्या कळसाला, मंडपाला कोणी देणगी दिली की गाव घेतं. सगळ्यांकडून घेतं! तिन्ही पक्षांच्या नावाच्या फरशा एकाच देवळात बसलेल्या आहेत. बदल्यात देणगीदाराला एवढंच मिळतं की तो मत मागायला आला तर कोणी दार लावून घेत नाही.

शिवजयंतीचं तसंच. आपल्याकडे ती वैशाखात आणि २०२३ ला मतदान १० मे रोजी. म्हणजे शिवजयंती आणि प्रचार एकाच सुमारास. एवढी वर्गणी मंडळांना आयुष्यात मिळाली नव्हती.

शेंगदाणा_चटणी

आणि येळ्ळूरचा राजहंसगड! २०२३ च्या मार्चमध्ये महाराजांच्या एकाच पुतळ्याचं दोनदा अनावरण. आधी भाजपच्या मुख्यमंत्र्यांनी केलं, तीन दिवसांत काँग्रेसनं पुन्हा. मग समितीनं वेगळा अभिषेक केला. येळ्ळूरचा माझा मित्र म्हणाला, तीन वेळा गड चढलो, तिन्ही वेळा जेवण झालं.

भगवा_फेटा

यात हसण्यासारखं काही नाही. ज्यांनी मराठी फलकाला हात लावला, तेच मतांसाठी महाराजांच्या पायाशी आले.

कणबर्गी_क्रॉस

आले हे महत्त्वाचं नाही का? मी कन्नडिग, शाळेत मराठी शिकलो, इथं वाचक म्हणून असतो. तुमच्या भागात कन्नड घरातले उमेदवार आता मराठीत भाषण करतात, पत्रकं मराठीत काढतात. माझ्या लहानपणी हे नव्हतं. मराठी मतदार ज्याच्या खिशात नाही त्यालाच त्याची भाषा शिकावी लागते. उलट तुमचे मराठी उमेदवार आमच्या गल्लीत कन्नडमध्ये दोन वाक्यं सुद्धा बोलत नव्हते, तेव्हा आम्ही त्यांना का मत द्यावं? कारखान्यात आम्ही शेजारी शेजारी काम करतो.

मागावरची

कणबर्गी_क्रॉस यांना अनुमोदन. आमच्या शेजारचे कन्नड देवांग, तेही विणकरच. दोघांचं सूत एकाच व्यापाऱ्याचं, उधारी एकाच दुकानात.

तंबाखू_नगरी

निपाणीहून. आमच्याकडे जुनी माणसं अजून १९८१ चं तंबाखू आंदोलन सांगतात. शरद जोशींनी हायवेवर शेतकरी बसवले. बैलगाड्या, चुली, सगळं रस्त्यावर. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. आता बघा, जोशी निपाणीचे नव्हते, शेतकऱ्याच्या घरातले नव्हते, स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आलेले. भाकरी खाताना फोटो काढायची त्यांना गरज पडली नाही, कारण ते तंबाखूच्या भावाचं गणित मांडून सांगत होते. ज्याला आपला हिशोब कळतो तो आपला, मग त्याचे कपडे कसलेही असोत.

विडी कामगार बायकांचंही तेच. हजार विड्यांची मजुरी किती आणि खराब म्हणून किती विड्या बाजूला काढल्या, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याशी त्या बोलतात. बाकीच्यांना चहा देतात.

मलप्रभा

पण ते आंदोलन होतं, निवडणूक नव्हे. आंदोलनात उभा राहिलेला माणूस निवडणुकीत पडतो हे आपल्याकडे नेहमीचं. हलगा-मच्छे बायपासला सुपीक जमीन जाते म्हणून शेतकरी किती वर्षं लढले. त्यांच्याबरोबर बसणाऱ्यांना मतं किती पडली?

तंबाखू_नगरी

मुद्दा बरोबर आहे. मला उत्तर देता येत नाही.

जांबोटी_घाट

सगळे पुरुषच बोलताहेत (मागावरची ताई सोडून). आमच्या वाड्यावर काय झालं ते सांगते. २०२३ नंतर बायकांच्या खात्यात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० रुपये येतात. कधी दोन महिने उशिरा, पण येतात. बस फुकट. माझी जाऊ लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःच्या मनानं सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आली, कोणाकडे पैसे मागितले नाहीत. 'फुकट देऊन सवय लावली' असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. जे घर गोव्याला मजुरीला गेलेल्या नवऱ्याच्या पैशाची वाट बघत बसतं, तिथं २००० रुपये म्हणजे गॅस आणि तेल.

पण त्याची दुसरी बाजूही आहे. ते पैसे सरकारचे, तरी गावात जो-तो 'मी मिळवून दिले' म्हणतो. ज्यानं आधार जोडायला, केवायसी करायला मदत केली त्याचंच नाव लक्षात राहतं. आमच्यात एक मुलगी होती, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. पन्नासेक बायकांचे अर्ज तिनं भरून दिले. ती उभी राहिली असती तर आम्ही सगळ्यांनी तिलाच मत दिलं असतं.

प्रतिसादक_क्र_एक

पुरुषांना बस फुकट करणारा पक्ष कोणता? विचारून ठेवतोय.

जांबोटी_घाट

तुम्ही चालत जा, तब्येतीला बरं.

मलप्रभा

गोव्यावरून आठवलं. आमच्या तालुक्यातली कितीतरी माणसं मडगाव, फोंडा भागात. २०२३ च्या मतदानाला गोवा सरकारनं चक्क पगारी सुट्टी दिली होती, कर्नाटकच्या निवडणुकीसाठी! तिथल्या उद्योजकांनी आरडाओरडा केला. उमेदवारांनी गाड्या पाठवल्या. माझा एक दोस्त एका पक्षाच्या गाडीनं आला आणि दुसऱ्या पक्षाच्या गाडीनं गेला. मत कोणाला दिलं विचारलं तर म्हणाला, दोन्ही ड्रायव्हर चांगले होते.

वाळूचा_साचा

मी कधी लिहित नाही, वाचतोच. आज लिहितो, कारण शीर्षकात फौंड्रीतला माणूस म्हणून लिहिलंय, तो मीच हाय.

मोल्डिंगला हाय मी, उद्यमबागेत. सकाळच्या शिफ्टला आत जाताना गेटावर हात जोडून उभारलेले असतात. तेव्हा माणूस कार्ड पंच करायच्या गडबडीत असतंय. उशीर झाला तर कटिंग. हातात पत्रक कोंबतात, ते आत जाऊन भट्टीजवळ हात पुसायला कामाला येतंय. संध्याकाळी सुटल्यावर सभा ठेवतात, तेव्हा घरला जायची घाई. आंघोळ केल्याशिवाय कोण भाषण ऐकणार? काळं तोंड घेऊन खुर्चीत बसायचं आणि ह्यांनी स्टेजवर कडक इस्त्रीत.

आमचं खरं दुखणं कोण विचारत नाही. आम्ही कंपनीचे नव्हे, ठेकेदाराचे. पगारातनं पीएफ कापतात, ठेकेदार बदलला की जुन्याचे पैसे अडकतात. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड नाव चुकून आलेलं असतंय. आमचं नाव मराठी, टायपिंग करणारा कन्नड, आधारला एक, कार्डाला एक. तेवढ्यासाठी रजा काढून तीन कचेऱ्या फिरायच्या. रजेचा पगार जातोय.

आमच्या शेजारच्या पोराच्या हातावर रस सांडला, म्हणजे वितळलेलं लोखंड. रात्रपाळी होती. ठेकेदारानं फोन उचलला नाही. कोणीतरी एका मेंबराला लावला. तो ग्रामपंचायतीचा साधा मेंबर, कुठल्या पक्षाचा तेबी मला माहीत नव्हतं. तो चप्पल घालून स्कूटरवर आला, हॉस्पिटलात सकाळपर्यंत बसला, अपघात कारखान्यात झाला म्हणून कागदावर लिहून घ्यायला लावलं. नाहीतर घरात भाजला म्हणून लिहिणार होते, मग भरपाई नाही. त्याला आता पूर्ण गल्ली मत देतीया. त्यानं कधी डबा खाल्ला नाही आमचा.

भाच्याला सांगा, रील कर, आमी बघतो, लाइकबी देतो. खरं मत वेगळं असतंय.

मागावरची

दादा, लिहित जा हो.

कणबर्गी_क्रॉस

या एका प्रतिसादासाठी धागा वाचवण्यासारखा आहे. भाजल्याची नोंद कुठे झाली लिहितात त्यावर सगळं ठरतं, हे मलाही माहीत नव्हतं.

भगवा_फेटा

वाळूचा_साचा, तुमचं नाव कार्डावर चुकीचं येतं ते मराठीत कागद मिळत नाही म्हणूनच ना? मी तेच म्हणत होतो.

वाळूचा_साचा

होय की. तुमचं बरोबर हाय. खरं तुम्ही मोर्चा काढून निवेदन देता, ते छापून येतंय. माझं कार्ड कोण बदलून देणार? कोणीतरी खिडकीपाशी बरोबर उभारून कन्नडमध्ये बोलायला पाहिजे. मोर्चाला मी येतो दर वर्षी एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला, रजा टाकून. तुम्ही एक दिवस माझ्याबरोबर खिडकीला या.

भगवा_फेटा

येतो. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.

शेंगदाणा_चटणी

भाषेवरून जातीवर गाडी कशी नेली तेही लिहा कोणीतरी. २०२० ला बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणची पोटनिवडणूक तोंडावर आली आणि मराठा विकास प्राधिकरण जाहीर झालं, ५० कोटी रुपये. मराठी म्हणून मागितलं तर मिळत नाही, मराठा म्हणून मागितलं तर मिळतं, हे आमच्या गल्लीतल्या पोरांनी तेव्हाच ओळखलं.

गावचा_पंच

त्यावर वेगळा धागा काढा, इथं सुरू झालं तर मूळ प्रश्न बुडेल. मांडे या पक्वान्नावर सुद्धा मागं एकदा दोनशे प्रतिसाद झाले होते.

कुंदाप्रेमी

कारण मांडे कुंद्यापेक्षा श्रेष्ठ आहेत असं एका इसमाने लिहिलं होतं. तो इसम अजून फिरतोय.

तिसरं_गेट (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. भाच्यानं पूर्ण धागा वाचला. वाळूचा_साचा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि गप्प बसला. माझं मयत-लग्न-यात्रेचं म्हणणं त्याला अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, मयताला तर सगळेच उमेदवार येतात, तिरडीला खांदा द्यायला रांग लागते. हे खरंच आहे म्हणा.

आता नवीन अडचण. आरक्षण कसं पडेल सांगता येत नाही. पंचायतीत निम्म्या जागा बायकांसाठी. आमची जागा महिला पडली तर काय?

शेंगदाणा_चटणी

मग बायकोला उभी करेल आणि फलकावर स्वतःचा फोटो तिच्या दुप्पट. नेहमीची पद्धत.

जांबोटी_घाट

सूनबाई काय करतात?

तिसरं_गेट (धागाकर्ता)

ती बैलहोंगलकडची, शिक्षण कन्नड माध्यमात. गावातल्या स्त्रीशक्ती संघाचा (बायकांच्या बचत गटाचा) हिशोब ठेवते. बँकेत बायकांबरोबर जाते, गृहलक्ष्मीचे बरेच अर्ज तिनंच भरले. कारखान्यातल्या दोघा-तिघांचे पीएफचे फॉर्म पण, आत्ता विचारल्यावर कळलं.

मागावरची

अहो, मग एवढे प्रतिसाद आम्ही कोणासाठी लिहिले?

जांबोटी_घाट

आणि जागा महिला नाही पडली तरी तीच का नको? सर्वसाधारण जागेवर बाईनं उभं राहू नये असा नियम नाही. पण आधी तिला विचारा. ती नको म्हणेल तर तेही ऐका.

तिसरं_गेट (धागाकर्ता)

विचारलं. म्हणाली, उभी राहीन, पण संघाच्या बायकांना विचारून. आणि प्रचाराला नवरा बरोबर नको. भाचा सध्या हसतोय, पण नीट हसत नाहीये.

गावचा_पंच

कामाचं सांगतो. जागा राखीव प्रवर्गात गेली तर तिच्या नावचा जातीचा दाखला लागेल, आणि तो माहेरच्या कागदांवर निघतो. बैलहोंगल बाजूच्या नाडकचेरीत (महसूल कचेरीत) आत्ताच अर्ज टाका. तारीख जाहीर झाली की तिथं रांग लागते.

वाळूचा_साचा

आणि नाव आधारला हाय तसंच लिहायला सांगा.